वसंतातली रानफुलं: आपल्या गोष्टींनी पळस-सावरीला नावं का ठेवली?

रानजाई (धागाकर्ती):

फुलांचा सीझन म्हटलं की आपल्याकडे सगळे ऑगस्ट-सप्टेंबरात कासला पळतात. वसंतातली रानफुलं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात, कारण ती पायाशी नसतात, मान वर करावी लागते. फेब्रुवारीत पानगळ होऊन सगळं रान भकास झालेलं असतं आणि त्याच उघड्या फांद्यांवर आधी काटेसावर, मग पळस, पांगारा, पिवळीधमक सोनसावर (काही ठिकाणी गणेर म्हणतात), उतारांवर धायटीची झुडपं आणि मार्च लागला की मोह. इतका भडकपणा वर्षात परत कधी नसतो.

आता मूळ मुद्दा. या झाडांच्या गोष्टी मी गेली बरीच वर्षं गोळा करतेय आणि एक गंमत लक्षात आली, की आपल्या गोष्टींत या फुलांचं कौतुक कमी आणि कानउघाडणीच जास्त. पळसच घ्या. संस्कृत सुभाषितकार म्हणतो, रूप आहे, तारुण्य आहे, मोठ्या घराण्यात जन्म आहे पण विद्या नाही, असा माणूस म्हणजे बिनवासाचं पळसफूल. झालं! एवढं देखणं फूल, पण दाखला द्यायचा झाला तर 'ढ' मुलाचा. मराठीत म्हण आली तीही पानांवरून, कुठेही जा पळसाला पानं तीनच. फुलांचं नावही नाही.

सावरीची तर त्याहून वाईट अवस्था. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. हिमालयात एक अवाढव्य शाल्मली असतो म्हणजे आपली सावर, नारद तिकडून जाताना त्याला विचारतो की काय रे, एवढा पसारा तुझा आणि एक फांदीसुद्धा वाऱ्यानं मोडलेली दिसत नाही, वायूशी दोस्ती आहे का तुझी. शाल्मली म्हणतो कसली दोस्ती, त्याची ताकद माझ्या अठराव्या हिश्श्याइतकी पण नाही. नारदच तो, लगेच जाऊन वायूच्या कानावर घालतो. वायू येऊन सांगतो, उद्या बघतो तुला. मग रात्रभर शाल्मलीची झोप उडते आणि सकाळी वारा यायच्या आत तो स्वतःच आपल्या फांद्या, पानं, फुलं सगळं टाकून मोकळा होतो. वायू येतो, त्याचं ते रूप बघून हसतो आणि म्हणतो, मी जे करणार होतो ते तूच करून घेतलंस की. तात्पर्य काय तर बलवानाशी वैर करू नये. मला मात्र वाचताना सारखं वाटत होतं की ज्यानं कुणी ही गोष्ट रचली त्यानं माघ-फाल्गुनातली निष्पर्ण सावर नीट पाहिलेली होती.

एवढ्यावर भागलं नाही म्हणून भागवतातल्या नरकांच्या यादीत वज्रकंटकशाल्मली आहेच, वज्रासारखे काटे असलेल्या सावरीवरून पाप्याला ओढतात. आणि मोह तर काय, दारूपायी बदनामच.

तर प्रश्न असा की सगळ्यात देखण्या फुलांनाच आपण इतकी नावं का ठेवली? की मी एकाच बाजूच्या गोष्टी वाचल्यात? तुमच्या भागात काय ऐकलंय ते लिहा. फोटो नकोत, गोष्टी हव्यात. (बरं, फोटो पण चालतील.)

बोरूबहाद्दर:

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक टोचणी, पळसाला पानं तीन हे ठीक पण पांगाऱ्यालाही तीनच असतात की, त्याची म्हण का नाही झाली ते पळसालाच ठाऊक.

जुनं_खोड:

रानजाईताई, तुम्ही खरंच एकाच बाजूचं वाचलंय असं माझं नम्र मत. पळसाइतका मान फार थोड्या झाडांना मिळालाय. शतपथ ब्राह्मणात कथा आहे, गायत्री पक्षी होऊन स्वर्गातून सोम आणायला गेली, येताना एका धनुर्धरानं बाण मारला आणि एक पीस तुटून खाली पडलं, त्याचा पळस झाला. म्हणून यज्ञात पळसाच्या समिधा आणि मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड. पद्मपुराणात पार्वतीच्या शापानं देवांची झाडं झाली त्यात विष्णू पिंपळ झाला, शंकर वड झाला आणि ब्रह्मदेव पळस. तीन पानांत ब्रह्मा-विष्णू-महेश बघणारी माणसं तर गावोगाव सापडतील. पत्रावळ पळसाची का, याला आमची आजी हेच उत्तर द्यायची, आम्हाला मात्र ती पानं मोठी आणि चिवट असतात एवढंच कळायचं.

रानजाई:

काका, दंडवत. पण बघा ना, तुम्ही सांगितलेलं सगळं समिधांचं, काठीचं, पानाचं. देव बसले ते पानात आणि लाकडात. फुलाच्या वाट्याला काय आलं? माझी तक्रार तीच आहे.

विदर्भी_पोट्टा:

मोहाबद्दल मी लिहितो, आमच्याकडं चंद्रपूर-गडचिरोलीत मोह म्हणजे घरातलं माणूस हाये. मोहाच्या फांदीशिवाय गोंड लोकांचा लग्नाचा मांडव तुम्हाला क्वचितच दिसंल. ज्याला बदनाम म्हणता ते शहरातून बघणाऱ्याचं म्हणणं झालं.

पहाटे मोहाखाली उभं राहा एकदा. अजून अंधार असतो आणि टप, टप, थांबून पुन्हा टप असा आवाज येत असतो. फूल म्हणजे पाकळ्या सुट्या नाहीत, गरगरीत फिक्कट पिवळा मणीच पडतो, बोटांत दाबला तर चिकट गोड रस. वास असा की काहींना उमासा येतो आणि आम्हाला भूक लागते. बाया-पोरं टोपल्या घेऊन उजेडायच्या आत हजर, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि त्याआधी अस्वल येऊन गेलं तर वाटा त्याचा. हे गमतीत नाही लिहीत, मोहाच्या दिवसांत अस्वलाच्या हल्ल्यात माणसं जखमी होतात, वाघाची भीती वेगळी.

गोष्ट सांगतो, मध्य भारतात ही बऱ्याच जमातींत वेगवेगळ्या रूपांत सांगतात. मोहाच्या ढोलीत पाणी साचलं, त्यात फुलं पडून कुजली. त्या झाडाच्या आसऱ्याला एक पोपट, एक वाघ आणि एक डुक्कर. त्यांचा अंश त्या पाण्यात उतरला. म्हणून माणूस पहिल्या पेल्याला पोपटासारखा गोड बडबडतो, दुसऱ्याला वाघासारखा डरकाळ्या फोडतो आणि तिसऱ्यानंतर डुकरासारखा चिखलात लोळतो. आता यात मोहाला नावं ठेवली का? नाही. किती प्यायची ते सांगितलं.

आणि बदनामी कुणी केली ते पण ऐका. १८९२ साली मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदाच केला, हातभट्टी बंद व्हावी आणि सरकारी दारूचा महसूल वाढावा म्हणून. ज्यांच्या घरात तीच फुलं वाळवून टंचाईच्या दिवसांत खात होते त्यांना एका रात्रीत गुन्हेगार करून टाकलं. लोककथेनं नाही बाप्पा, कागदानं केलं ते.

झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची पद्धत मात्र वाईटच, त्यानं वणवे लागतात. आता काही ठिकाणी खाली जाळी बांधतात, ते बरं.

खारुताई:

विदर्भी_पोट्टा, प्रतिसाद फार आवडला. टप टप वाचूनच अंगावर काटा आला.

पानगळ:

बॉटनीवाला असल्यामुळे जरा रुक्ष लिहितो, सांभाळून घ्या. रानजाई, तुमच्या सुभाषिताचं उत्तर पळसाच्या फुलातच आहे. हातात घेऊन बघा. देठाशी काळसर मखमली टोपी, त्यातून बाहेर आलेली केशरी वाकडी चोच, पाकळ्यांवर बाहेरून बारीक रुपेरी लव आणि तळाशी मध एवढा की फूल उलटं केलं तर कधीकधी थेंब ओघळतो. हा सगळा थाट पक्ष्यांसाठी आहे. शिंजीर, मैना, कोतवाल, शिवाय खारी, सगळे सकाळी पळसावर कलकलाट करत असतात. पक्ष्याला रंग लांबून दिसतो, वासाचं त्याला फारसं कौतुक नाही. मग झाडानं वासावर खर्च कशाला करायचा? म्हणजे सुभाषितकारानं पळसाला अशा परीक्षेत नापास केलं ज्याचा फॉर्मच त्यानं भरला नव्हता. उलट मोह बघा, रंगानं फिका पण वास मैलभर, कारण त्याच्याकडे रात्री वटवाघळं येतात. आपला कवी बागेतल्या मोगऱ्या-जाईच्या वासाला सरावलेला, त्यानं तेच माप सगळ्यांना लावलं.

निष्पर्ण फांद्यांवर फुलण्याचंही तसंच. पानं आड येत नाहीत, फूल दुरून दिसतं. आणि फेब्रुवारी-मार्चात फुललं की मे महिन्यापर्यंत पळसाच्या चपट्या शेंगा आणि सावरीचा कापूस तयार, वळवाच्या वाऱ्यावर बिया उडणार आणि पाठोपाठ पाऊस. शाल्मलीनं घाबरून पानं टाकली म्हणता, मला तर तो पक्का हिशेबी वाटतो.

बोरूबहाद्दर:

"ज्याचा फॉर्मच भरला नव्हता" हाहाहा, हे सही होतं. पानगळ, रुक्ष म्हणून माफी मागून असं लिहिणार असाल तर रोज मागा.

शिमगेकर:

आमच्या कोकणात सावरीला नरक वगैरे काही माहीत नाही, आमच्यासाठी ती होळी. प्रत्येक गावाचं झाड वेगळं, कुठे आंबा, कुठे सुरमाड, कुठे पोफळ, आमच्या वाडीत सावर. सरळ सोट वाढते, लाकूड हलकं, खांद्यावर घेऊन नाचवत आणता येते हे एक कारण असणारच. तोडायच्या आधी नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, मग ढोल, मग फाका (त्या इथे लिहिता येणार नाहीत, धागा उडेल). लहानपणी खोडावरचे काटे दगडानं पाडायचं काम आम्हा पोरांकडे, ते शंकूसारखे काटे आतून मऊ असतात, त्यावर नावं कोरून शिक्के करायचो.

पण खरं सांगायचं तर आता त्रास होतो बघून. फुलावर आलेलंच झाड तोडायचं, कारण शिमगा आणि सावरीचा बहर एकाच वेळी. आमच्याकडे मागे यावरून बरंच भांडण झालं, आता एकच झाड आणतात आणि त्या बदल्यात पावसात रोपं लावायची असं ठरलंय. लावतात किती आणि जगतात किती हा वेगळा विषय. राजस्थानात उदयपूरकडे पण होळीचा दांडा सावरीचा, तिकडे सेमल म्हणतात, आणि तिथेही झाडं कमी व्हायला लागली तेव्हा लोकांनी बोलायला सुरुवात केली.

रानजाई:

शिमगेकर, म्हणजे फुलाला मान मिळाला तोही जाळताना. तुम्ही माझा मुद्दा खोडताय की पक्का करताय कळेना :)

शिमगेकर:

दोन्ही.

सातासमुद्रापार:

इकडे इंग्लंडात राहून सांगतो, नावं ठेवायची खोड आपलीच नाही. इथे जानेवारी-फेब्रुवारीत बर्फातून पहिलं येतं ते स्नोड्रॉप, पांढरं, खाली मान घातलेलं इवलंसं फूल. चर्चमध्ये ते पवित्र आणि शुद्ध, पण त्याचं एकटं फूल घरात आणलं तर घरात मृत्यू होतो असा जुना समज. दफनभूमीत भरपूर उगवतं म्हणून तसं झालं असावं असं म्हणतात. प्रिमरोझचं तर त्याहून भन्नाट, वसंतात पहिल्यांदा घरात आणताना तेरापेक्षा कमी फुलं आणली तर कोंबड्या तेवढीच पिल्लं काढणार! ग्रीकांकडे पर्सेफोनी नार्सिससचं फूल तोडायला वाकली आणि जमीन दुभंगून पाताळाच्या राजानं तिला उचलून नेलं. मला वाटतं हिवाळ्याच्या शेवटी धान्य संपत आलेलं, म्हातारी माणसं आजारी, अशा वेळी जे फूल पहिलं दिसेल त्याच्यावर आशा पण टांगली जाते आणि भीती पण.

पानगळ:

हे पटलं. आपल्याकडेही फाल्गुन-चैत्र म्हणजे देवीच्या साथींचे दिवस असायचे.

धुळपाटी:

भीतीपेक्षा हाव वाईट. पांढऱ्या पळसाबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. लाखात एखादा पळस पांढऱ्या फुलांचा असतो, पिवळाही असतो, त्यात रंगद्रव्याचा फरक आहे बाकी झाड तेच. पण समज असा की पांढऱ्या पळसाचं मूळ, साल, फूल काहीही मिळालं की गुप्तधन सापडतं, अडलेली कामं होतात. आमच्या तालुक्यात एक होता. कुणीतरी कौतुकानं फोटो टाकला, लोकेशनसकट. पुढच्या बहरापर्यंत खोडाची साल हात पोचेल तिथपर्यंत सोललेली, बुंध्याशी लिंबं-कुंकू आणि मुळाशी खड्डे. आता नुसता वाळका सांगाडा उभा आहे. त्यामुळे कळकळीची विनंती, कुठे दिसला तर बघा, खूश व्हा, आणि गप्प बसा.

खारुताई:

:( याच्यावर काय बोलणार.

नवखी_पाहुणी:

नेहमी नुसती वाचते, पहिल्यांदाच टंकतेय. बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस येतो हे खरं आहे का, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतं.

पानगळ:

स्वागत. बहावा फुलतो एप्रिल-मेमध्ये, त्यात ४५ दिवस मिळवले की जून येणारच, त्याला बहावा कशाला हवा. एकाच रस्त्यावरचे दोन बहावे तीन-तीन आठवड्यांच्या फरकानं फुललेले असतात, मग पावसानं कुणाचं ऐकायचं? शेतकरी पूर्वी एका झाडावर कधीच विसंबत नव्हता, मुंग्या, कावळ्याचं घरटं, वारा असं बरंच काही एकत्र बघायचा. ग्रुपवर फॉरवर्ड होताना त्यातलं एकच वाक्य उरलं आणि त्याला आकडा चिकटला.

अवांतर: त्याच ग्रुपवर फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडांचे फोटो "आपलं देशी चेरी ब्लॉसम" म्हणून येतील. ती ग्लिरिसिडिया, गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेली, रोपवनांत भरमसाट लावलेली. खेडेगावात तिला उंदीरमारी म्हणतात, लोकांनी ओळखलंय तिला बरोबर. आणि शाळेच्या कुंपणाला उंच शेंड्याचा जो लावतात तो सीतेचा अशोक नव्हे. खरा अशोक या दिवसांत केशरी-लाल गुच्छांनी फुलतो, थेट खोडावरसुद्धा.

जुनं_खोड:

अशोकाचा विषय निघालाच आहे तर रानजाईताईंची तक्रार थोडी मिटवतो. मदनाच्या पाच बाणांत अशोक आहे, आंब्याचा मोहर आहे. सुंदर स्त्रीनं नुपूर घातलेल्या पायानं लाथ मारली की अशोक फुलतो हा संकेत तर कालिदासानं मालविकाग्निमित्रात पूर्ण प्रसंग करून वापरलाय. घ्या, फुलाचं निखळ कौतुक.

पण मला खरी सांगायची आहे ती एक जातककथा. राजाचे चार मुलगे सारथ्याला म्हणाले, आम्हाला पळस दाखव. त्यानं चौघांना एकदम नेलं नाही. थोरल्याला नेलं तेव्हा झाड नुसतं कळ्यांवर, दुसऱ्याला नेलं तेव्हा हिरव्या पानांत, तिसऱ्याला ऐन बहरात, धाकट्याला शेंगा लागल्यावर. मग एकदा चौघे एकत्र बसले आणि पळस कसा असतो यावर जुंपली. एक म्हणे जळका खुंट, दुसरा म्हणे वडासारखा, तिसरा म्हणे मांसाच्या तुकड्यासारखा, चौथा म्हणे छे, शिरीषासारखा. राजा म्हणाला, चौघांनीही पळसच पाहिलाय, पण कुठल्या वेळी कसा असतो ते सारथ्याला विचारलं नाहीत.

रानजाई:

काका!! ही मला अजिबात माहीत नव्हती. आणि थोरल्याचं "जळका खुंट" किती अचूक आहे, कळ्या फुटायच्या आधी त्या काळसर मखमलीनं अख्खी फांदी करपल्यासारखीच दिसते. ज्यानं ही कथा सांगितली तोही पळसाच्या राईतून वर्षभर हिंडलेला माणूस असणार.

विदर्भी_पोट्टा:

धायटी राहिली राव सगळ्यांची. लाल नळीसारखी फुलं, शाळेतून येताना तोडून मागून चोखायचो, थेंबभर मध. आणि गंमत बघा, मोहाला दारूचं झाड म्हणून नाक मुरडणारे लोक वैद्याचं आसव-अरिष्ट घेतात ना, त्यात आंबवायला हीच धायटीची फुलं टाकतात. तिला कोणी बदनाम म्हणत नाही. बाटलीवर लेबल पाहिजे फक्त.

बोरूबहाद्दर:

__/\__

नवखी_पाहुणी:

एक शेवटचं विचारते, पळसाच्या फुलांचा होळीचा रंग घरी करायचा आहे, ताजी फुलं तोडायची का?

धुळपाटी:

तोडू नका, खाली सडा पडलेला असतो तोच वेचा, सकाळी लवकर, म्हणजे गुरांनी तुडवलेला नसतो. सावलीत वाळवून ठेवलेली फुलंही चालतात. रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी उकळायची, गाळायची, पिवळा-केशरी रंग येतो. अंगाला लावायला एवढं पुरे, धुतला की जातो. कापडावर टिकवायचा असेल तर कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढा, तरी उन्हात हळूहळू फिकट होतोच. अजून गडद केशरी हवा तर चुन्याच्या निवळीचे दोन-चार थेंब, आणि तो रंग फक्त कापडालाच, मुलांच्या तोंडाला नको. आमच्याकडे एका उत्साही काकांनी चमचाभर चुनाच ढवळला होता, रंग झक्कास आला पण पंचमीनंतर दोन दिवस सगळी गल्ली अंग खाजवत होती.